मंगळवेढ्याची भिंत

गेल्या वर्षी आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात, काल्याच्या आदल्या रात्री, चोखोबांचा प्रसंग ऐकला. कीर्तनकार तरुण होते. आवाज चढा पण स्वच्छ, पाठांतर पक्के आणि थांबायचे कुठे हे नेमके जाणणारे. मंडपात बुक्क्याचा, घामाचा आणि सतरंज्यांना लागलेल्या ओल्या मातीचा वास होता, आणि टाळांचा आवाज जरा उतरला की मागच्या जनरेटरची घरघर ऐकू येत होती. ‘मंगळवेढ्याला भिंत कोसळली, चोखोबाराय वैकुंठाला गेले आणि नामदेवराय त्यांच्या अस्थी शोधायला निघाले,’ हे तिन्ही बुवांनी एकाच श्वासात सांगितले आणि ते अस्थींपाशी येऊन थांबले. तिथे मात्र ते पुष्कळ रमले. ढिगाऱ्यातले एकेक हाड नामदेव कानाशी कसे नेत होते, मुकी हाडे बाजूला कशी ठेवत होते आणि मग एका हाडातून ‘विठ्ठल, विठ्ठल’ असा ध्वनी कसा आला, हे त्यांनी असे उभे केले की मृदंगावर थाप पडण्याआधीच टाळकऱ्यांचे पाय उचलले गेले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझेही डोळे भरून आले होते. माझ्या शेजारी जन्मभर गवंडीकाम केलेले एक वयस्क गृहस्थ बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, कपाळावरचा बुक्का पुसला गेला होता तो सारखा केला आणि स्वतःशीच बोलावे तसे ते म्हणाले, “पावसाच्या आत उरकायची घाई झाली असंल. खालचा थर वाळायच्या आधी वरचा चढवला, की भिंत बसतीच.”

पुढचे कीर्तन मी ऐकले, पण मन त्या थरांतच अडकून राहिले. चोखोबांची कथा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे आणि ती सांगणाऱ्या प्रत्येकाने त्या भिंतीला अर्ध्या वाक्यापेक्षा जास्त जागा कधी दिलेली नाही. भिंत ही या कथेतली केवळ एक अडचण असते. ती पडल्याशिवाय हाडे होत नाहीत आणि हाडे झाल्याशिवाय चमत्कार होत नाही. ती भिंत कोणाची होती, का बांधली जात होती आणि एवढा मोठा भक्त भर उन्हाळ्यात पंढरपूर सोडून तिच्या पायथ्याशी काय करत होता, हे कोणी विचारत नाही. विचारले ते त्या गवंड्याने, आणि तेही प्रश्न म्हणून नव्हे. आपल्या कामातला एक अपघात त्याला ओळखीचा वाटला, एवढेच.

परंपरा सांगते ते असे. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८, वैशाखाचा महिना. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालले होते आणि त्या कामावर आसपासचे महार वेठीने आणले होते. यादवांचे राज्य बुडून तेव्हा वीस वर्षे झाली होती. दिल्लीच्या सुलतानाने १३२७ मध्ये देवगिरीचे दौलताबाद करून राजधानीच तिकडे हलवली होती. आणि बहमनींचे राज्य उभे राहायला अजून नऊ वर्षे होती. अशा अधांतरी काळात एखाद्या नांदत्या गावाने आपली भिंत डागडुजीला काढावी, हे समजण्यासारखे आहे. गावकूस म्हणजे गावाचा जीव. खाली दगड, वर चोपून बसवलेली पांढरी माती, ठिकठिकाणी बुरूज आणि रात्री बंद होणारी वेस. धान्य, गुरे, दागिने, लेकीसुना, देव, सगळे त्या भिंतीच्या आत. ज्यांनी ती भिंत बांधायची, त्यांची घरे मात्र बाहेर. दरोडा पडला, घोडदळ आले, तर भिंतीचा उपयोग ज्यांना होणार नव्हता, त्यांच्याच डोक्यावरून तिच्या मातीच्या पाट्या वर गेल्या, आणि ती पडली तेव्हा त्यांच्याच अंगावर पडली. मी ही गोष्ट इतक्या वर्षांत ऐकली होती आणि तिचा हा साधा भूगोल माझ्या ध्यानात आला नव्हता.

शाळेत आम्हाला चोखोबा भेटले ते ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ या अभंगातून. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, कमान वाकडी असली तरी तीर वाकडा नसतो. बाहेरच्या रंगाला भुलू नका. हा अभंग शाळेला सोयीचा आहे. त्यावर ‘सरळ अर्थ लिहा’ असा प्रश्न काढता येतो आणि कोणाच्याच घरात उत्तरामुळे अडचण होत नाही. माझी आजी तर चोखोबांचा अभंग रोज पहाटे म्हणत असे आणि तो त्यांचा आहे हे तिच्या मनातही नसे. ‘विठ्ठल विठ्ठल गजरी, अवघी दुमदुमली पंढरी’ हे तिच्या अंगण झाडण्याच्या लयीत बसून गेले होते. खराट्याचा आवाज आणि ती ओळ मला आजही एकत्रच ऐकू येतात. शेवटच्या चरणात ‘हरिकीर्तनाची दाटी, तेथे चोखा घाली मिठी’ असे येते. तेही ती म्हणायची, आणि तेवढ्यात परड्याच्या बाजूने सरपण फोडायला येणारा माणूस आला तर त्याच्यासाठी वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी खाली काढायची. तिच्या वागण्यात दुष्टावा नव्हता आणि तिच्या गाण्यात ढोंग नव्हते. या दोन गोष्टी एका बाईत, एका सकाळी, एकाच अंगणात सुखाने नांदत होत्या. मला आजीचा राग करता येत नाही आणि त्या कपबशीचा विसरही पडत नाही.

पुढे चोखोबांचे अभंग स्वतः वाचले, तेव्हा जाणवले की हा वारकरी संप्रदायातला सर्वांत कष्टकरी आवाज आहे. सावता माळ्यांचा मळा, गोरोबांची माती, सेना न्हाव्यांचा आरसा यांचे कौतुक आपण करतो, कारण त्या कामांत कसब आहे आणि काही एक मानही आहे. चोखोबांच्या वाट्याला आलेल्या कामांत मान नव्हता. तरी ती कामे त्यांच्या अभंगांत जशीच्या तशी येतात. ‘जोहार मायबाप जोहार, तुमच्या महाराचा मी महार’ हा तर पाटलाच्या दारात उभे राहून घालायचा रोजचा जोहार. तो त्यांनी देवाच्या दारात घातला. त्याच अभंगात पुढे ‘बहु भुकेला जाहलो, तुमच्या उष्ट्यासाठी आलो’ आणि शेवटी ‘चोखा म्हणे पाटी, आणली तुमच्या उष्ट्यासाठी’ असे येते. ही पाटी रूपकाची नाही. ती वेताची आहे, रोज संध्याकाळी घरोघर फिरणारी. ‘टाळी वाजवावी, गुढी उभारावी, वाट हे चालावी पंढरीची’ हा अभंग दिंडीत हजारो कंठांतून निघतो. त्याच्या अखेरीस ‘खट नट यावे, शुद्ध होउनी जावे, दवंडी पिटी भावे चोखामेळा’ असे ते म्हणतात. गावात दवंडी पिटणे हे महाराचे काम. पाटलाचे हुकूम ओरडून सांगणारा तो आवाज इथे पंढरीच्या वाटेवर उभा राहून वाईटसाईट, खट्याळ, नाटकी अशा सगळ्यांना आत बोलावतो आहे, आणि ज्याच्या दारात बोलावतो आहे त्या दारातून त्याला स्वतःला आत जाता येत नाही. या अभंगाला टाळ्यांचा ठेका इतका चांगला बसतो की ही गोष्ट ऐकू येत नाही.

ते आत जाऊ पाहत होते तेव्हा काय झाले, तेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद, बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध.’ यातला ‘काही तरी’ मला नेहमी थांबवतो. मार बसतो आहे, पण नक्की कशासाठी हे मार खाणाऱ्याला कळत नाही. काही तरी चुकले असणार, एवढेच त्याला उमगते. पुढे कळते की विठोबाचा हार त्याच्या गळ्यात सापडला आणि ‘शिव्या देती म्हणती महारा देव बाटविला’. या प्रसंगाचीही पुढे गोड कथा झाली. हार देवानेच दिला होता. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पुऱ्या केलेल्या ‘भक्तविजया’त आणखी एक गोड कथा आहे. विठोबा चोखोबांकडे जेवायला येतो, सोयराबाईच्या हातून त्याच्या पीतांबरावर दही सांडते, चोखोबा बायकोला बोलतात, ते ऐकून एक ब्राह्मण त्यांच्या तोंडात मारतो आणि देवळात विठोबाचा गाल सुजलेला दिसतो. देवाने भक्ताची थप्पड आपल्या गालावर घेतली, हे ऐकताना कोणाला गहिवर येणार नाही? पण गाल कोणाचाही सुजो, थप्पड मारणारा हात दोन्ही वेळा सुखरूप घरी गेला, याचे निरूपण मी कोणत्याही कीर्तनात ऐकलेले नाही.

सप्ताहानंतर थंडीत मी मंगळवेढ्याला जाऊन आलो. पंढरपूरहून निघाले की भीमाकाठचा ऊस मागे पडत जातो आणि काळी, खोल, भेगाळणारी जमीन सुरू होते. पौषात तिच्यावर ज्वारी अशी दाट उभी असते की रस्ता तेवढा मोकळा राहतो. इथल्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि ती भाकरी खाल्ल्यावर मानांकन देणाऱ्यांनी काही उपकार केले असे वाटत नाही. गावात भुईकोटाचे अवशेष आहेत, जुन्या पेठेच्या अरुंद गल्ल्या आहेत. कुसाची भिंत कुठे होती असे मी विचारत गेलो आणि प्रत्येकाने वेगळ्या दिशेला हात केला. एकाने तर हसून पायाखालच्या डांबरी रस्त्याकडे बोट दाखवले. गावाला संतांची भूमी म्हणवून घेण्याचा हक्क आहे यात शंका नाही. बसवेश्वर कल्याणला जाण्याआधी बिज्जलाच्या चाकरीत इथेच होते. कान्होपात्रा इथली, बीदरच्या बादशहाची माणसे न्यायला आली तेव्हा तिने पंढरपुरात विठ्ठलाच्या पायांवर प्राण सोडला, असे सांगतात. आणि दामाजीपंत इथले, ज्यांनी दुष्काळात सरकारी अंबारे लोकांसाठी खुली केली.

दामाजींच्या कथेपाशी मी तिथे बराच वेळ घुटमळलो. धान्य वाटल्याबद्दल बीदरच्या दरबारातून दामाजींना धरायला माणसे निघाली, तेव्हा विठोबा स्वतः ‘विठू महार’ होऊन दरबारात गेला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बादशहाला जोहार घातला आणि धान्याची सगळी रक्कम मोजून पावती घेऊन आला. ही कथा चोखोबांच्या नंतरच्या शतकातली. देवाला महार होण्यात कमीपणा वाटला नाही, असे तिचे तात्पर्य सांगतात आणि ते खोटे नाही. पण देवाने हे रूप का घेतले याचे उत्तर कथेतच आहे: खजिना, पत्र, निरोप पायी वाहून नेणे हे महाराचे ठरलेले काम होते आणि ते करायला निघालेल्या माणसाला वाटेत कोणी अडवत नसे. दामाजींच्या सुटकेसाठी देव एवढे चालला. त्याच गावात, त्याच्या शतकभर आधी, चोखोबा भिंतीखाली होते तेव्हा मात्र तो आला नाही. सोयराबाईच्या बाळंतपणाला नणंदेच्या रूपाने आलेला देव, दहीभात खायला आलेला देव, त्या दिवशी कुठे होता, असे विचारणे भाविकाला शोभत नाही हे मला कळते. तरीही ज्वारीच्या त्या शेतांमधून परत येताना मी तेच विचारत होतो.

आणि बाकीचे?

भिंत काही एकट्या चोखोबांवर पडली नव्हती. हाडे ओळखण्यासाठी नामदेवांना कान लावावा लागला, याचाच अर्थ हाडे अनेकांची होती आणि एकमेकांत मिसळलेली होती. ही कथा ज्याने पहिल्यांदा सांगितली त्याला हे ठाऊक होते. त्याने ते लपवले नाही, फक्त त्याकडे पाहिले नाही. ज्या हाडांतून नाम आले ती पंढरपूरला गेली. ज्यांतून आले नाही, ती तिथेच राहिली. त्यांतला कोणी चोखोबांचा शेजारी असेल, कोणी त्यांच्याबरोबर पाटी उचलणारा, कोणी अभंग ऐकणारा, कोणी देवाधर्माच्या वाटेलाही न जाणारा. भिंतीखाली मरण्यासाठी भक्त असावे लागत नव्हते. महार असणे पुरेसे होते. कथेत येण्यासाठी मात्र भक्त असावे लागले.

इतके लिहिले तरी नामदेवांवर राग धरावा असे मला वाटत नाही, उलट या कथेतली सर्वांत मोठी गोष्ट मला आता तीच वाटते. चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तर काय उरते? पंढरपूरचा एक शिंपी, संतमंडळींत मान असलेला, आपला मित्र गेल्याचे कळल्यावर मंगळवेढ्याला येतो. कुजलेल्या, उन्हात तापलेल्या ढिगाऱ्यात बसतो. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानत, त्यांची हाडे हातात घेतो, एकेक करून, आणि गालाशी, कानाशी लावतो. वैशाखातल्या उन्हात त्या ढिगाऱ्याला काय वास येत असेल! त्या काळात एवढे करणाऱ्या माणसाला हाडांतून नाम ऐकू आले असेल तर मी ते नाकारणार नाही. मित्राची हाडे दुसऱ्या कोणाच्या हाडांत हरवू द्यायची नाहीत, हा त्याचा हट्ट होता, आणि शोकात माणूस आपलेच शोधतो. त्याने निवड केली ती प्रेमाने केली. त्या एका माणसाच्या प्रेमालाच आपण पुढे सहाशे-सातशे वर्षे सगळ्या प्रसंगाचा अर्थ मानले, ही गोष्ट वेगळी, आणि तिचा जाब नामदेवांना विचारण्यात अर्थ नाही.

त्या अस्थी पंढरपुरात महाद्वारासमोर ठेवल्या गेल्या. समोर नामदेव पायरी, अलीकडे चोखोबांची समाधी. आषाढीला दर्शनाची रांग दुसरीकडून, मैलोगणती वळसे घेत आत जाते. ज्यांना तेवढे उभे राहणे झेपत नाही ते महाद्वारात येतात, पायरीला हात लावतात, चोखोबांसमोर डोके टेकतात, कळसाकडे पाहून दोन्ही कान धरतात आणि गावाकडची एसटी पकडायला वळतात. माझी आजी शेवटच्या वाऱ्यांत असेच करायची. ‘पायरीचं घडलं म्हणजे समदं घडलं’ असे ती म्हणे. गर्दीमुळे बाहेर राहिलेले आणि जन्मामुळे बाहेर राहिलेले तिथे एकाच फरशीवर येतात, आणि त्या फरशीवर उभे राहिल्यावर फरक पुसट होतो हे मी अनुभवले आहे. नंतर मात्र तो पुन्हा स्पष्ट होतो. समाधी जिथे आहे तिथे ती आहे, कारण जिवंतपणी चोखोबांना तिथपर्यंतच येता येत होते. ‘मज दूर दूर हो म्हणती, तुज भेटू कवण्या रीती’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे ती जागा. ती सन्मानाची जागा आहे असे आपण म्हणतो. सन्मान करणाऱ्यांनी मोजमाप बडव्यांचेच वापरले.

ते मोजमाप १९४७ सालापर्यंत टिकले. त्या वर्षीच्या १ मेला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले आणि १० मेला उपोषण सुटले ते मंदिर हरिजनांना खुले होण्याचे ठरल्यावर. त्याआधी त्यांनी महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला होता, कारण कायद्याने दार उघडले तरी गावोगावची माणसे बरोबर यायला हवीत, असा त्यांचा ध्यास होता. तोवर ज्यांच्यासाठी दार उघडायचे त्यांपैकी पुष्कळांचे त्या दाराकडचे लक्ष उडाले होते. १९३५ मध्ये येवल्यात बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असे जाहीर केले होते. गाडगेबाबांनी अस्पृश्य यात्रेकरूंसाठी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, तेव्हा मुक्कामाला आलेल्या वारकऱ्यांच्या जागी शिकायला आलेली मुले राहावीत हे दोघांनाही उमगलेले होते. देवळात कधीही न गेलेल्या त्या झाडूवाल्या बाबांची दृष्टी मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत लख्ख वाटते.

बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला ग्रंथ तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: नंदनार, रविदास आणि चोखामेळा. ती तीन नावे ओळीने वाचताना माझ्या मनात आले ते त्यांच्या शरीरांविषयी. तमिळ मुलखातल्या नंदनारांना चिदंबरमच्या नटराजाचे दर्शन हवे होते. कथा सांगते की ते आधी अग्नीतून गेले आणि पलीकडून ब्राह्मणाच्या रूपात बाहेर आले, मगच आत गेले. काशीच्या रविदासांनी आपली छाती चिरून आतले जानवे दाखवले, असे सांगतात. चोखोबांची तर हाडेच दारापाशी पोचली. तिन्ही मुलखांतल्या भाविकांनी आपापल्या भाषेत आपापल्या संतावर मनापासून प्रेम केले, आणि तिन्ही ठिकाणी कथेला तो माणूस आहे तशा अंगाने आत नेता आला नाही. त्याला जाळावे, चिरावे किंवा चिरडावे लागले. इतक्या लांबलांबच्या लोकांना हीच तोड सुचावी, याचे मला आश्चर्य वाटत नाही, आणि वाटत नाही हेच खटकते.

माझा एक मित्र आहे. त्याचे आजोबा मराठवाड्यात एका दिंडीचे टाळकरी होते. १९५६ नंतर त्यांनी घरातले देव नदीत सोडले, टाळ मात्र ठेवले, आणि चोखोबांचे अभंग म्हणणे थांबवले. का, असे नातवाने विचारले तेव्हा त्यांनी एक अभंग म्हणून दाखवला: ‘यातीहीन मी महार, पूर्वी निळाचा अवतार. कृष्णनिंदा घडली होती, म्हणोनी महार जन्मप्राप्ती.’ मागच्या जन्मी कृष्णाची निंदा केली म्हणून हा जन्म मिळाला, असे चोखोबा स्वतःच कबूल करतात. “त्यांनी सोसलं ते खरं, पण सोसण्याचं कारण स्वतःत शोधलं, आम्हांला ते शोधायचं नव्हतं,” असे आजोबा म्हणाले. मी मित्रापुढे चोखोबांची बाजू मांडू पाहिली. सोयराबाईचे ‘देहींचा विटाळ देहींच जन्मला, सोवळा तो झाला कवण धर्म’ म्हणून दाखवले. तो म्हणाला, “सोयराबाई घ्या, कर्ममेळा घ्या. बाप नको.” मला तो निवाडा पूर्ण पटत नाही. ‘काही तरी अपराध’ असे म्हणणाऱ्या माणसाने अपराध मान्य केला होता की त्याला त्या अपराधाचे नाव विचारायचे होते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. पण ज्याच्या आजोबांनी ते अभंग आयुष्यभर गाऊन मग खाली ठेवले, त्याच्याशी वाद घालताना माझा आवाज जरा जास्तच विद्वान लागतो.

कर्ममेळा हा चोखोबा-सोयराबाईंचा मुलगा. त्याचे थोडेच अभंग हाती आले आहेत, त्यांतला एक असा: ‘आमुची केली हीन याती, तुज का न कळे श्रीपती. जन्म गेला उष्टे खाता, लाज न ये तुमचे चित्ता. आमचे घरी भात दही, खावोनी कैसा म्हणसी नाही. म्हणे चोखियाचा कर्ममेळा, कासया जन्म दिला मला.’ वडिलांच्या कथेतला गोड दहीभात इथे उधारीच्या हिशेबात आला आहे. आमच्या घरी जेवून गेलास, आता नाही कसे म्हणतोस? बापाने मागच्या जन्मात शोधलेले कारण मुलाने देवाच्या अंगावर टाकले आहे. हे बोलणे भिंतीच्या आधीचे की नंतरचे, हे अभंगावरून सांगता येत नाही. मला ते नंतरचे वाटते, आणि तसे वाटण्याला माझ्यापाशी पुरावा नाही, फक्त गावगाड्याची रीत आहे.

ती रीत अशी की महारकी हे वतन होते. माणूस मेला म्हणून काम संपत नसे, ते वारसाकडे जाई. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे विधेयक मांडले, तेव्हाही तक्रार हीच होती की मूठभर जमिनीच्या आणि उष्ट्या भाकरीच्या बदल्यात एका माणसाला दिवसरात्र आणि तो नसेल तर त्याच्या घरातल्या कोणालाही सरकारी कामाला जुंपता येते. ते विधेयक पार पडले नाही. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये. म्हणजे १३३८ मध्ये हे सगळे पुरते जोरात होते. मंगळवेढ्याची कोसळलेली भिंत तशीच पडून राहिली नसणार. मुलूख अस्थिर होता, पावसाळा तोंडावर होता आणि गावाला कूस हवे होते. ढिगारा उपसला गेला असेल, मुकी हाडे कुठे तरी ओढ्याकाठी टाकली गेली असतील, माती पुन्हा कालवली गेली असेल आणि ज्या घरांतली माणसे गेली होती त्याच घरांना पुन्हा बोलावणे गेले असेल. चोखोबांच्या घरात त्या बोलावण्याला जाण्याजोगा एकच माणूस उरला होता, आणि कर्ममेळ्याने देवाला काहीही सुनावले असो, त्या कामाला नाही म्हणण्याची सोय त्याला नव्हती.